तिरपेकाकांची खिडकी

आमच्या फोटोग्राफी क्लबात त्यांना सगळे तिरपेकाका म्हणायचे. खरं आडनाव वेगळंच होतं, पण ते नोंदवहीपुरतं. चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत बसून छत्तीस वर्षं त्यांनी काचा घासल्या. मशीनवर डावीकडे वाकून वाकून मान तशीच राहिली, आणि मान तशी तर फोटोही तसेच. त्यांनी तळं टिपलं की वाटायचं, आता हे एका बाजूने सांडणार.

मी क्लबचा चिटणीस. नोकरीत जन्मभर नकाशे काढले, त्यामुळे वाकडी रेघ दिसली की माझं डोकं फिरतं. लोकांच्या घरी गेलो तरी भिंतीवरच्या फ्रेमा सरळ करत सुटतो. बायको त्यावरून मला चारचौघांत टोचते, आणि मी काही सुधारत नाही.

वर्षअखेरीला आमचा स्नेहमेळावा असतो. प्रत्येकाचा एक फोटो मोठा छापून भिंतीवर लावायचा, खाली नाव नाही, आणि बाहेरून आलेल्या पाहुण्याने त्यावर बोलायचं. छापण्याआधी तिरपेकाकांचा फोटो मी दरवर्षी कॉम्प्युटरवर सरळ करायचो. न विचारता. मेळाव्यात तो बघून ते हसायचे आणि म्हणायचे, "तुम्ही मला ताठ उभं केलंत की हो!" मलाही बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

त्यांच्याकडे स्वतःचा कॅमेरा नव्हता. क्लबचा न्यायचे आणि रुमालात गुंडाळून परत आणायचे. मग मी फोटो उतरवून घ्यायचो. यंदा ते जवळजवळ आलेच नाहीत. काकू अंथरुणाला खिळल्या होत्या. त्यांच्या आजारपणाच्या आठव्या महिन्यात काका एकदा कॅमेरा घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी परत हजर.

"एकच काढलाय," म्हणाले. "मेळाव्याला हाच लावा. पण या खेपेला जरा सांभाळून बरं का."

"अहो काका, आजवर कधी हयगय केलीय का मी?"

ते पुढे काही सांगणार होते, तेवढ्यात माझा फोन वाजला. फोन संपेपर्यंत ते निघून गेले होते. त्यानंतर तीन आठवड्यांनी काकू गेल्या.

मेळाव्याच्या तयारीत तो फोटो उघडला आणि मी कपाळावर हात मारला. खिडकी, समोरची इमारत, गच्चीवरची पाण्याची टाकी, वाळत टाकलेली एक चादर. सगळं पार कलंडलेलं. दरवर्षीचा तिरपेपणा परवडला! त्यात डाव्या कडेला धूसर, गुलाबी काहीतरी. म्हटलं, घ्या, लेन्ससमोर बोट आलंय, अगदी नवशिक्यासारखं. बिचाऱ्याचं चित्त तरी कुठे ठिकाणावर असणार? फोटो फिरवून सरळ केला. फिरवला की कडा कापाव्याच लागतात, त्यात ते बोटही गेलं. खिडकी कशी सुबक दिसायला लागली. जुन्या फोटोवरच सेव्ह करून टाकला, आणि मेळाव्याच्या दिवशी सकाळी कॅमेऱ्यातलं कार्डही पुसून मोकळं केलं.

संध्याकाळी हॉलमध्ये रंगीत दिवे होते, केक होता, कागदी टोप्या होत्या. काका येतील असं कुणालाच वाटलं नव्हतं. ते आले, इस्त्रीचा शर्ट घालून. तो फोटो त्यांनी कॅमेऱ्यामागच्या बोटभर पडद्यावरच पाहिला होता. आज मोठा बघायचा होता.

पाहुण्या बाई एकेका फोटोपुढे थांबत खिडकीपाशी आल्या. "नेटका आहे," त्या म्हणाल्या, "पण रिकामा वाटतो हो. माणूसच नाही यात."

काका पुढे झाले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग फोटोच्या डावीकडे, कोऱ्या भिंतीवर बोट टेकवलं.

"इथे तिचा हात होता."

मी जवळ गेलो. ते मला हळू आवाजात सांगायला लागले. "ती म्हणाली, जगभराचे फोटो काढता, मला दिवसभर काय दिसतं ते काढा की एकदा. म्हणून तिच्या उशीवर डोकं टेकवून काढला. चेहऱ्याचा काढू देईना. म्हणाली, हात येऊ दे हवा तर. त्या आठ महिन्यांतला तिचा तेवढाच आहे." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "मूळचा असेल ना तुमच्याकडे?"

"असेल की! असतोच," मी म्हणालो. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावी असं उत्तर.

त्यांचा चेहरा उजळला. कुणीतरी दिलेली टोपी त्यांनी घातली, केक खाल्ला, ग्रुप फोटोत उभे राहिले. तो फोटो मीच काढला, त्याच कार्डावर. खिडकीचा सरळ फोटो जाताना ते घरी घेऊन गेले.

पुसलेला फोटो परत मिळतो का म्हणून कार्ड मी दोन जाणकारांना दाखवलं. दोघांनीही नकारार्थी मान हलवली. त्यावर आता टोप्या आणि केकच होता. चौथ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो.

"आणलात?" दार उघडताच त्यांनी विचारलं. "या, जागा करून ठेवलीय." पलंगासमोरच्या भिंतीवर तो सरळ फोटो लावला होता, आणि शेजारचं कॅलेंडर काढून वीतभर भिंत मोकळी केली होती. मूळचा आला की मोठा लागेल म्हणून.

मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. फोन, कार्ड, सेव्ह, सगळं. "शिव्या घाला काका," म्हणालो. "मला वाटलं, तुमचं बोट लेन्ससमोर आलंय."

ते पलंगाच्या कडेला बसले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"छत्तीस वर्षं काचा पुसल्या मी," शेवटी म्हणाले. "काचेवर बोट येऊ देईन होय मी?"

रडू येत होतं आणि ते दिसू नये म्हणून मी भिंतीकडे वळलो. फ्रेम एका बाजूला चांगलीच कललेली होती. हात आपोआप पुढे गेला.

"राहू द्या," काका म्हणाले. "मीच तशी लावलीय. ती आडवी होती ना, तिला तसंच दिसायचं."

मी हात मागे घेतला.