जुन्याला सवलत नाही : सोलापूरचे तीन दिवस

विणकर मल्लय्यांनी माझ्यासमोर पहिली चादर उलगडली, त्या क्षणी माझं सगळं बदललं. त्याआधी मी कारखानदार होणार होतो, जावईही होणार होतो. पण ते तिसऱ्या दिवशी घडलं. पहिले दोन दिवस रीतसर प्रवासाचे होते, म्हणून तिथूनच सुरू करतो. सरकारी सवलतीच्या आशेनं कुणी सोलापूर गाठणार असेल, तर गाडी, जेवण, उतरायची जागा एवढं तरी उपयोगी पडेल.

कॉलेज मी दुसऱ्या वर्षाला सोडलं. पद्मा पुणं सोडून गेल्यापासून वर्गात बसवत नव्हतं. एका सरांनी सगळ्यांदेखत विचारलं, "लक्ष कुठाय?" मी म्हटलं, "सोलापूरला," आणि वह्या उचलून बाहेर पडलो तो परत गेलोच नाही. पद्मा सोलापूरच्या तेलुगू विणकराची मुलगी. पुण्यात मावशीकडे राहून शिकत होती. सुताचे भाव चढले, घरचे हातमाग थांबायला लागले, तसं वडिलांनी तिला परत बोलावून घेतलं. स्टेशनवर ती म्हणाली होती, "काहीतरी हो, मग ये. नुसता येऊ नकोस."

काहीतरी व्हायची वाट काकांनी दाखवली. त्यांचं पुण्यात कापडाचं दुकान आहे. एके दिवशी त्यांनी पेपरातली जाहिरात माझ्यापुढे सरकवली. मुंबई-पुणे सोडून मागे पडलेल्या भागात जो नवा कारखाना काढील, त्याला वसाहतीत स्वस्त प्लॉट, यंत्रांसाठी कर्ज, शिवाय भरलेल्या विक्रीकराएवढी रक्कम काही वर्षं बिनव्याजी वापरायला. "भांडवल माझं, नाव तुझं," काका म्हणाले. "यंत्रमाग टाकू, चादरी काढू. सोलापूरला जाऊन जागा बघून ये." सोलापूर म्हटल्यावर पुढचं मी ऐकलंच नाही.

पुण्याहून सकाळची पॅसेंजर घेतली. घेणार असाल तर इंजिनापासून लांबचा डबा धरा, नाहीतर दौंडपर्यंत कोळशाच्या बारीक कणांनी डोळे लाल होतात. पाण्याचा फिरकीचा तांब्या बरोबर हवाच. दुष्काळ सरून वर्ष झालं होतं, तरी रुळांच्या कडेला दुष्काळी कामावर फोडलेल्या खडीचे ढीग तसेच पडून होते. ते बघताना वाटायचं, माणसं आत्ताच उठून गेलीत. जेऊरला एक शेतकरी चढला. लिंबांचं पोतं माझ्या पायांवर ठेवून त्यानं विचारलं, "कुटं निघालासा?"

"सोलापूरला. कारखाना काढायचाय."

त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "काडा की. पर आदी मिशा तरी फुटू द्या."

डबा हसला. माझं डोकंच फिरलं. मी खिशातली जाहिरात काढून मोठ्यानं वाचायला लागलो. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मंजी मागं पडलं की सरकार पैसं देतं, व्हय? मग आमी लईच मागं हाय. आमचं नाव न्हाय का त्यात?" मी सांगितलं की शेतीला हे लागू नाही. "असंच असतं," तो म्हणाला, आणि कुर्डुवाडीला उतरताना माझ्या हातावर दोन लिंबं ठेवून गेला.

सोलापूरला स्टेशनजवळच्या धर्मशाळेत जागा मिळते, खाट आपली आपण झटकून घ्यावी. जेवायला खानावळीत कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि वर तेल. तिखट सोसत नसेल तर दही आधीच मागून ठेवा. त्या संध्याकाळी मी मुद्दाम पद्माच्या पेठेतून चालत गेलो. घराघरांतून मागांचा खटखटाट येईल असं वाटलं होतं. दहा दारं ओलांडली की एखादा आवाज यायचा. तिचं दार मला माहीत नव्हतं, आणि बरंच झालं, नाहीतर त्याच दिवशी नुसता गेलो असतो.

दुसऱ्या दिवशी टांग्यानं अक्कलकोट रोडवरच्या औद्योगिक वसाहतीत गेलो. टांगेवाला जाताना सवारी घेतो, पण परतायला थांबत नाही. टोपी घेऊन जा, तिथे सावली विकतही मिळत नाही. ऑफिसातल्या कारकुनानं अर्ज पुढे केला.

"शिक्षण?"

"बी. कॉम. दुसरं वर्ष."

"झालं?"

"सोडलं."

"सुशिक्षित बेकार असा रकाना आहे," ते म्हणाले. "अर्धवट बेकार असा नाही. बरं, उद्योग नवा ना? नक्की नवा? कारण जुन्याला सवलत नाही."

"का?"

"अहो, जुन्याला दिली तर अख्खं सोलापूर दारात उभं राहील."

हे वाक्य मला विनोदी वाटलं. मी हसलोसुद्धा.

शिपायानं सायकलवर डबलसीट घेऊन प्लॉट दाखवला. मुरमाड जमीन, चार कोपऱ्यांना चुन्यानं रंगवलेले दगड, मधे एक बाभूळ. शेजारच्या शेडमध्ये यंत्रमाग सुरू होते. एक माणूस चार मागांवर लक्ष ठेवत होता आणि कापड पाण्यासारखं खाली उतरत होतं. मी त्या बाभळीखाली उभा राहून ठरवलं की इथे ऑफिस करायचं, खिडकी पूर्वेला ठेवायची आणि पद्माला हिशेबातलं काही बघू द्यायचं नाही, तिनं फक्त नक्षी निवडायची. इतका मूर्ख मी होतो.

तिसऱ्या दिवशी पेठेत विचारत विचारत घर सापडलं. पुढच्याच खोलीत जमिनीत खड्डा करून बसवलेले तीन हातमाग. दोन बंद उभे होते, तिसऱ्यावर मल्लय्या बसले होते, पद्माचे वडील. आतल्या दाराशी पद्मा चरख्यावर सुताच्या कांड्या भरत होती. तिनं मला पाहिलं आणि चरखा थांबला.

रात्रभर मी वाक्य घोकलं होतं. घोकलेलं सगळं विसरलो आणि उभ्याउभ्याच म्हणालो, "मी पुण्याहून आलो. मागणी घेऊन आलोय."

मल्लय्या मागावरून उठले. इतके भरकन उठले की हातातला धोटा खाली पडला. "मागणी?" त्यांचा चेहराच उजळला. "पद्मा, चाय पेट्टू! बसा की, बसा. पुण्याहून मागणी आली म्हनून सांग आईला."

आणि त्यांनी कपाटातून पहिली चादर काढून माझ्यासमोर उलगडली. मग दुसरी. मग मोराची, मग वेलबुट्टीची. "हितं बगा, दोन्ही बाजूनी नक्षी सारकी. रंग जानार न्हाय, धुवून बगा." घरी तेलुगू बोलणाऱ्या, आयुष्यभर व्यापाऱ्यांशी मराठीत बोलत आलेल्या त्या माणसाला मागणी हा शब्द एकाच अर्थानं माहीत होता. पद्माला दोन्ही अर्थ माहीत होते. ती पांढरी पडून माझ्याकडे बघत होती.

"किती नग पायजेत?" मल्लय्यांनी विचारलं.

माझ्या तोंडून निघून गेलं, "एकच."

ते हसले. "आदी नमुना बगनार! शाने हाय तुमी. नमुना बगून मोटी मागनी द्या."

चहा आला. बशीत ओतून ते बोलत राहिले. तेही वसाहतीत गेले होते, जागा आणि दोन यंत्रमाग मिळतील का विचारायला. "साहेब म्हनला, तुमी जुने. आजोबापासून विनतो, ते चुकलं बगा."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण गप्प बसणं माझ्या रक्तात नाही. मला वाटलं, आता खरं सांगितलं की हे खूश होतील. "मी नवा आहे ना!" मी म्हणालो. "मला मिळणार आहे प्लॉट. चादरींचाच कारखाना काढतोय, यंत्रमागांचा. सगळ्या सवलतींसकट."

मल्लय्यांनी बशी खाली ठेवली. मग चादरींच्या घड्या घालायला लागले, मोर आत जाईल अशी घडी, काठाला काठ लावून. शेवटी मान वर न करता म्हणाले, "मग तुमाला माजी चादर कशाला?"

पद्मा मला गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत सोडायला आली.

"मी काय मागायला आलो होतो, तुला कळलं ना?"

"मला कळलं. नायनांना नाही कळलं, तेच बरं." वडिलांना ती नायना म्हणते.

"मी परत जाऊन नीट सांगतो."

"कारखाना काढून मग सांग," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागला. "तुझी चादर नायनांच्या अर्ध्या भावात विकली जाईल. मग हा तिसरा मागही थांबेल. मग ये मागणी घालायला. तेव्हा ते हो म्हणतील. दुसरं काय म्हणतील? पण मी नाही म्हणेन."

"फाडतो अर्ज. आत्ता फाडतो, तुझ्यासमोर!"

"फाडून काय होणार? दुसरा कुणी नवा येईल. तो निदान आमच्याकडे बसून चहा पिणार नाही." मग म्हणाली, "तूच सांगितलं होतंस असं म्हणू नकोस. मी काहीतरी हो म्हटलं होतं. हे हो म्हटलं नव्हतं."

ती वळून गेली. थोड्या वेळानं त्या घरातून मागाचा आवाज परत सुरू झाला. मी तो गल्लीत उभा राहून ऐकला.

परतीच्या गाडीबद्दल सांगण्यासारखं काही नाही. गर्दी होती, दौंडपर्यंत उभा होतो.

पुण्यात काका दुकानामागच्या खोलीत वाटच बघत होते. जागा कशी, पाणी कसं, शेजारी कोण, सगळं विचारलं. मग मी आणलेला अर्ज पुढे ठेवला. "कर सही."

"मी करणार नाही, काका."

"का?"

मी मल्लय्यांचं सगळं सांगितलं, पद्माचं सोडून. काकांनी ऐकून घेतलं. ते दुष्ट नाहीत. "वाईट वाटलं ऐकून," ते म्हणाले, आणि खरंच वाटलं असावं. "पण आपण नाही तर दुसरा कुणी घेणारच ना?"

हेच पद्मा म्हणाली होती. दोघांच्या तोंडी तेच शब्द. सही केली तर पद्मा गेली. नाही केली तरी मल्लय्यांचा माग वाचत नाही, आणि मी परत नुसताच राहतो. या प्रवासातून एवढंच पक्कं घरी आणलं.

काकांनी पेनाचं टोपण काढलं, अर्जावरचं माझं नाव एका रेघेत खोडलं आणि वर त्यांच्या जावयाचं नाव लिहिलं. अक्षर सुवाच्य होतं. "तोही नवाच आहे," ते म्हणाले. "बस, चहा मागवतो."

मी बसलो नाही. बाहेर आलो आणि दार लावून घेतलं.