रेणूचे गुडघे छातीशी

रेणूचे ओठ निळे पडले आणि रडता रडता तिचा आवाजच बंद झाला. आमच्या म्हाताऱ्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, तान्ह्या नातीला पायांना धरून उलटं टांगलं. आम्ही सांगोल्याकडची मेंढरं राखणारी माणसं. कोकरू जन्मल्यावर श्वास घेईना, तर त्याला मागच्या पायांना धरून हिसडा देतात. नाकातोंडातलं पाणी गळतं आणि ते ओरडतं. रेणू ओरडली नाही. तिची मान लोंबली.

माझ्या सुनेनं, सुनंदानं, सासऱ्याच्या हातातून पोर ओढून घेतली आणि मुटकुळं करून छातीशी आवळली. हळूहळू रंग परत आला. का आला, ते तेव्हा कुणालाच कळलं नाही.

तशीच सोलापूरला नेली. सात रस्त्याजवळच्या दवाखान्यात इको केला. म्हणजे छातीवर थंडगार चिकट मलम लावून यंत्र फिरवतात आणि पडद्यावर हृदय हलताना दिसतं. सुई नाही, दुखत नाही. डॉक्टरीणबाईंनी नाव सांगितलं, टेट्रॅलॉजी ऑफ फॅलो. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक, आणि फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद. मग प्राणवायू न मिळालेलं रक्त तसंच अंगभर फिरतं. पोर रडलं की ती वाट आणखी आवळते. अशा झटक्याला स्पेल म्हणतात.

म्हाताऱ्यांनी विचारलं, "कोकरागत हिसडा दिला तर?"

बाई हसल्या नाहीत. "आजोबा, कोकराच्या नाकात पाणी असतं. हिची अडचण आत आहे. उलटं टांगू नका. दोन्ही गुडघे मुडपून छातीशी दाबून धरा आणि लगेच दवाखाना गाठा." पाय मुडपले की रक्ताला पायांकडे जायला जड जातं, मग ते फुप्फुसाकडे वळतं. सुनंदानं न कळता तेच केलं होतं.

माझी जाऊ म्हणत होती, सुनंदानं ग्रहण पाळलं नाही. मी तेही विचारून घेतलं. बाई म्हणाल्या, "आईचा काही दोष नाही. पोटात हृदय घडतानाच हे होतं." घरी आल्यावर जावेला ते चारचौघांत सांगितलं.

ऑपरेशन पुण्याला ठरलं, पण पोरीचं वजन वाढेपर्यंत थांबायचं होतं. औषध चालू होतं. तेवढ्या दिवसांत सुनंदानं घोंगडीची पोराएवढी वळकटी करून घरातल्या प्रत्येकाला तसं धरायला शिकवलं. सासऱ्यालाही सोडलं नाही.

"मामा, गुडघं वर. पाय न्हाय."

"आगं, माझं आयुष्य गेलं की कोकरं जगवण्यात."

"ही कोकरू न्हाय. परत धरा."

त्यांनी परत धरलं.

वजन भरल्यावर निघालो. पुण्याची गाडी कुर्डुवाडीला धरायची होती. फलाटावर रेणू भुकेनं रडली आणि निळी पडली. सुनंदा खाली बसली, पोरीचे गुडघे छातीशी दाबले आणि तशीच राहिली. लोक जमले. एक बाई ओरडली, "आगं, गुदमरंल ती, मोकळी सोड की."

सुनंदानं मान वर केली नाही. "वारा येऊ द्या. मला म्हाईत हाय मी काय करतीया."

म्हाताऱ्यांनी काठी आडवी धरून गर्दी मागं सारली. निळेपणा थोडा उतरला. मग कुर्डुवाडीतल्याच दवाखान्यात प्राणवायू लावला आणि अँब्युलन्सनं पुढं गेलो. पुण्याचे डॉक्टर म्हणाले, "असं धरलं नसतं, तर मूल इथवर आलं नसतं." सुनांचं कौतुक करायची आमच्यात रीत नाही. मी करते.

ऑपरेशनला ओपन हार्ट म्हणतात. हृदय थांबवून यंत्रावर रक्त फिरवतात, भोकाला ठिगळ लावतात, वाट रुंद करतात. आम्ही बाहेर बाकड्यावर बसलो. शेजारी बार्शीचं एक कुटुंब होतं, त्यांच्या पोराला हाच आजार, तेही आत ऑपरेशनला. पोर सावळं, त्यामुळं निळेपणा दिसलाच नाही आणि आणायला उशीर झाला. म्हणून सांगते, कातडीचा रंग बघू नका. जीभ बघा, नखं बघा. दूध पिताना पोर दमतं का, घामाघूम होतं का ते बघा. शंका आली तर इको करा. आणि गुडघे छातीशी धरायला घरातल्या सगळ्यांना शिकवा, म्हाताऱ्यांना आधी.

सुनंदा उपाशी होती. मी दटावून चहा पाजला. तिनं कप खाली ठेवला तेव्हा आतून बोलावणं आलं.

बार्शीचं पोर गेलं. रेणू जगली.