नंदूला कोणत्या राउंडला घ्यायला हवं होतं?

किस्से जमवायला वेगळं काही करावं लागत नाही. माणसं सोडून जायला लागली की ते आपोआप जमतात. सिडनीतल्या आमच्या हॉकी टीमला बारा वर्षं झाली. या बारा वर्षांत कोणी पर्थला गेलं, कोणी ब्रिस्बेनला घर घेतलं, कोणाची आई आजारी पडली म्हणून तो पुण्याला परतला. प्रत्येक जण जाताना आपली किटबॅग घेऊन गेला आणि एखादा किस्सा मागे ठेवून गेला. रविवारी दुपारी ब्लॅकटाउनच्या टर्फवर मॅच असते तेव्हा आत अकरा जण खेळतात आणि बाहेर जाळीला टेकून आम्ही गुडघे गेलेले सात-आठ जण समोरची मॅच सोडून गेलेल्या माणसांवरून भांडतो.

बाहेरच्या माणसाला कळावं म्हणून आधी आमची पद्धत सांगतो. आमची लीग चार टीम्सची, सगळी इथलीच देशी मंडळी. चांगले खेळाडू एकाच टीममध्ये गोळा होऊ नयेत म्हणून दर मार्चमध्ये पार्कात बार्बेक्यू ठेवून ड्राफ्ट होतो. प्रत्येक कॅप्टनने आपले चार जुने खेळाडू राखून ठेवायचे, बाकी सगळ्यांची नावं व्हाइटबोर्डवर, त्याला आम्ही पूल म्हणतो. मग कॅप्टन पाळीपाळीने एकेक नाव उचलतात, असे दहा राउंड. फॉरवर्ड पहिल्याच राउंडला जातात, गोलकीपर शेवटी शेवटी. गोल मारणाऱ्यासाठी सगळे भांडतात, अडवणाऱ्यासाठी फारसं कोणी भांडत नाही.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मी खेळत नाही, पण ड्राफ्टला टीम अजून मीच निवडतो. त्यामुळे जाळीपाशी ज्या चुकांवर भांडण चालतं त्या बहुतेक माझ्याच असतात.

* * *

साठेकाका आमचे सगळ्यात ज्येष्ठ प्रेक्षक. वय चौऱ्याहत्तर, पुण्यात असताना हॉकीचे अंपायर होते, आता स्कोफिल्ड्सला मुलीकडे राहतात. गेल्या वर्षी त्यांचं विसरणं वाढलं म्हणून मुलगी त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरने तीन शब्द सांगितले आणि पाच मिनिटांनी परत विचारले. काकांना एकही आठवला नाही. ते जरा ओशाळले आणि डॉक्टरला म्हणाले, हे असलं फुटकळ काय विचारता, काही महत्त्वाचं विचारा. मग त्यांनी आपण होऊनच सहा वर्षांपूर्वीच्या ड्राफ्टमध्ये मी घेतलेली दहा नावं ओळीने म्हणून दाखवली.

मुलीने क्लिनिकमधूनच मला फोन लावला. मी जुना फोटो काढून व्हाइटबोर्ड तपासला. दहाही नावं बरोबर होती. तेवढ्यात मागून काकांचा आवाज आला, "त्याला सांग, पाचव्या राउंडला चुकलास."

मुलीने मला दोनदा विचारलं, "नक्की सगळं बरोबर आहे ना, गिरीश?" मी हो म्हणालो. ती थँक यू म्हणाली. फोन ठेवल्यावर मी त्या जुन्या फोटोकडे बराच वेळ बघत बसलो.

* * *

मिलिंद आमचा सेंटर हाफ. वडिलांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा पंधरा दिवसांसाठी म्हणून पुण्याला गेला तो तिथलाच झाला. पीआर, म्हणजे इथे कायम राहायची परवानगी होती, सगळं होतं, सोडून दिलं.

टीमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दर शुक्रवारी माझी बायको शिल्पा पोल टाकते. ती टीमची मॅनेजर आहे. रविवारी कोण येणार, इन की आउट. मिलिंद गेल्यानंतरच्या पहिल्या शुक्रवारी त्याने पुण्यातून "इन" दाबलं. सगळे हसले. दुसऱ्या शुक्रवारी पुन्हा "इन". हळूहळू हसणं थांबलं, पण त्याचं दाबणं थांबलं नाही. त्यालाच काय, सोडून गेलेल्या कोणालाच ग्रुपमधून काढावं असं कोणी सुचवलं नाही, आणि सुचवलं असतं तर शिल्पाने सुचवणाऱ्यालाच काढलं असतं.

एका रविवारी तिघे आजारी पडले आणि आम्ही दहाच जण उरलो. अंपायरने शिल्पाला विचारलं, अकरावा येतोय का? ती फोनकडे बघून म्हणाली, "ही सेज ही इज इन. बट ही इज अ बिट फार." त्या दिवशी आम्ही दहाच जण खेळलो आणि हरलो.

* * *

ड्राफ्टमध्ये फसलेल्या निवडींचा विषय निघाला की योगेशचं नाव येतंच. नवीन आलेला, त्याला कोणी खेळताना पाहिलेलं नव्हतं. त्याने आपला एक व्हिडिओ पाठवला. काय पळत होता त्यात! मी त्याला दुसऱ्या राउंडला घेतला आणि दिवसभर मिरवलं. पहिल्या मॅचला कळलं की गडी आरामात चालतो. साठेकाकांनी तो व्हिडिओ मागवून घेतला, चष्मा लावून पाहिला आणि फोन मला परत दिला. म्हणाले, मागे बाकावर बसलेली बाई सँडविच किती भराभर खातेय ते बघ.

योगेशने व्हिडिओचा स्पीड वाढवला होता. विचारल्यावर त्याने खरं ते सांगितलं. सिडनीत येऊन आठ महिने झाले होते, ऑफिस सोडून एकाही माणसाशी ओळख नव्हती, कुठल्याही टीमने घ्यावं एवढंच त्याला हवं होतं. त्याला पाच सीझन झाले. अजून आरामातच चालतो. पण एकही मॅच चुकवलेली नाही, आणि आता त्याला मी दरवर्षी राखून ठेवतो. जाळीपाशी यावरूनही मला बोलणी बसतात.

* * *

आता नंदू.

नंदू कुलकर्णी आमचा गोलकीपर, सलग नऊ सीझन. दर वर्षी मी राखून ठेवलेल्या चौघांत त्याचं नाव असायचंच. पेनल्टी कॉर्नरच्या आधी तो मागून आमच्या प्रत्येकाला घरच्या नावाने हाक मारायचा, मला गिऱ्या म्हणायचा, आणि त्या हाकेने पाय जरा स्थिर व्हायचे. ड्राफ्टच्या दिवशी बार्बेक्यूची जबाबदारीही त्याचीच. सॉसेज, पनीर, आणि ढीगभर कांदे परतायचे.

दोन वर्षांपूर्वी मी हुशारी केली. नंदू सेहेचाळीसचा झाला होता. मी हिशेब मांडला की या वयाच्या कीपरला दुसरं कोणी हात लावणार नाही. मग त्याच्यावर राखीव जागा कशाला घालवायची? त्या जागी दीपक नावाचा तरणा फॉरवर्ड राखू आणि नंदूला दहाव्या राउंडला आरामात उचलू. दोन्ही आपल्याकडे. नंदूला हे आधी सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही, कारण मला त्याची गरजच वाटली नाही. नंदू काय, आपलाच.

शिल्पाने राखलेली नावं मोठ्याने वाचली. नंदू कांदे परतत होता. त्याने वर पाहिलं आणि पुन्हा कांद्यात लक्ष घातलं. मी त्याला डोळ्याने खूण केली असं मला अजून वाटतं. शिल्पा म्हणते, केली नाहीस.

दहा राउंड म्हणजे चाळीस नावं. प्रत्येक नावाला टाळ्या पडत होत्या आणि नंदू प्रत्येकाच्या ताटात वाढत होता. आठव्या राउंडपर्यंत पूलमधले बाकीचे कीपर गेले. व्हाइटबोर्डवर शेवटचं नाव राहिलं आणि मी मोठा डाव जिंकल्यासारखा म्हणालो, "आणि आमचा नंदू!"

त्याने चिमटा कागदाने नीट पुसला, बाजूला ठेवला आणि माझ्याजवळ आला. हळूच म्हणाला, "गिरीश, या वर्षी मला नको धरूस. काम वाढलंय." नऊ वर्षांत पहिल्यांदा त्याने मला गिरीश म्हटलं होतं. पुढे दीड महिन्यात त्याने देशाच्या दुसऱ्या टोकाला, कालगुर्लीच्या खाणीत मेंटेनन्स इंजिनियरची नोकरी घेतली, बायकोलाही तिथल्या हॉस्पिटलात काम मिळालं, आणि घर आवरून ते निघून गेले.

ज्याच्यासाठी ही हुशारी केली तो दीपक जूनमध्ये ब्रिस्बेनला गेला.

* * *

त्याच सीझनमधली गोष्ट. हरमन, म्हणजे समोरच्या टीमचा कॅप्टन, हाफटाइमला चहाचा थर्मास घेऊन आमच्या जाळीपाशी आला. आमचं नंदूवरूनच चाललं होतं. काका म्हणत होते चौथा राउंड, योगेश म्हणत होता राखायलाच हवा होता. हरमनने ऐकून घेतलं आणि मला म्हणाला, "गिरीश भाई, मैं तो उसको तीसरे राउंड में ले रहा था। फिर सोचा, तुम्हारा आदमी है, अच्छा नहीं लगेगा।"

मी बाकीच्या दोन कॅप्टनना फोन करून विचारलं. दोघांचं उत्तर तेच. एकाने पाचव्या राउंडला आणि दुसऱ्याने सहाव्याला त्याचं नाव ओठांपर्यंत आणलं होतं आणि मला वाईट वाटू नये म्हणून गिळलं होतं. म्हणजे ज्याला चौघांनाही घ्यायचं होतं, त्याने एकोणचाळीस नावं ऐकली ती आपण कोणालाच नको आहोत असं समजून.

हे त्याला कळायला हवं होतं. कळवायचं मलाच होतं, आणि फोन हातात घेतला की मला लाज वाटायची.

* * *

गेल्या वर्षी ऑफिसच्या कामाने पर्थला गेलो. शनिवार मोकळा होता. तिथून कालगुर्ली विमानाने तासाभरावर. मनात सगळी वाक्यं जुळवली आणि नंदूला फोन केला की येऊ का. तो म्हणाला शिफ्ट आहे, पुढच्या वेळी ये. दहा मिनिटं बोललो. लाल धुळीबद्दल बोललो, कढीपत्त्याचं रोप दोनदा जळलं त्याबद्दल, त्याच्या मुलाच्या युनिव्हर्सिटीबद्दल. हॉकीचा शब्द त्याने काढला नाही आणि मीही काढला नाही.

मी म्हणालो, "बाकी?"

"बाकी मजेत," तो म्हणाला.

फोन ठेवला आणि हॉटेलच्या खोलीत भर दुपारी मला रडू आलं. पन्नाशीचा माणूस, एक वाक्य बोलता आलं नाही.

* * *

यंदाच्या मार्चमधला ड्राफ्ट. चिठ्ठ्या टाकल्या आणि पहिली निवड माझ्याकडे आली. पूलमध्ये अर्जुन होता, गेल्या सीझनला सगळ्यात जास्त गोल मारलेला. मी काय म्हणणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. हरमनच्या हातात मार्कर, त्याने अर्जुनचं पहिलं अक्षर काढायला सुरुवातही केली होती. शिल्पाने फोन स्टँडवर लावून टीमच्या ग्रुपवर व्हिडिओ कॉल चालू ठेवला होता, कारण मिलिंदला पुण्यातून ड्राफ्ट बघायचा असतो. अजून कोण कोण जोडलं जातंय ते कोणी बघत नव्हतं.

साठेकाका खुर्चीत बसले होते. सकाळपासून त्यांनी मला दोनदा विचारलं होतं की कांदे कोण परततंय, नंदू कुठाय? दोन्ही वेळा मी सांगितलं, कालगुर्लीला असतो. आता सगळे गप्प झाल्यावर त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"गिरीश, नंदूला घेतलास का?"

मी अर्जुनचं नाव घ्यायला तोंड उघडलं होतं. ते मला घेता आलं नाही.

"नंदू कुलकर्णी," मी म्हणालो.

हरमनने मार्कर थांबवला. "भाई, वो तो पूल में ही नहीं है। पिक वेस्ट हो जाएगी।"

"पता है। लिख."

आमच्याच माणसांनी डोक्याला हात लावले. योगेश म्हणाला, अरे, अर्जुन जाईल! मी म्हणालो जाऊ दे. मग मी सगळ्यांसमोर सांगितलं की दोन वर्षांपूर्वी नंदूला शेवटी ठेवला ती माझी चूक होती, आणि हरमन त्याला तिसऱ्या राउंडला घेणार होता, आणि बाकीचे दोघेही घेणार होते, आणि यातलं काहीच मी त्याला सांगितलं नाही. काका मान हलवत होते. हरमनने बोर्डावरचं अर्जुनचं अक्षर पुसलं आणि आमच्या रकान्यात सगळ्यात वर नंदूचं नाव लिहिलं.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. तेवढ्यात स्टँडवरच्या फोनमधून खरखर आली, मागे कुठेतरी ट्रक रिव्हर्स घेत असल्याचा आवाज, आणि मग दोन वर्षांनी ती हाक.

"गिऱ्या, पुसून टाक ते. पहिल्या राउंडला गोलकीपर कोण घेतं रे? फॉरवर्ड घे आधी. मी शेवटच्या राउंडला आहेच की."