देवीचा मुखवटा: मिसिंग की स्टोलन?

ती दुपार आठवली की आजही स्वतःचाच कान पिळावासा वाटतो. पनवेलजवळच्या एका गावात जत्रा दोन दिवसांवर आली होती आणि देवळातला देवीचा चांदीचा मुखवटा जागेवर नव्हता. तपास माझ्याकडे होता. देवस्थान कमिटीतल्या एका तरुणाने फोनवर खबर दिली, "साहेब, झाडलोट करणारी कातकरीण सकाळी टोपली घेऊन घाईघाईने गेली. तिलाच धरा."

झालं! मी ऐटीत इंग्रजीत वरिष्ठांना मेसेज टाकला, मुखवटा 'स्टोलन'. बाईला ठाण्यात आणलं, स्टेशन डायरीत तिचं नाव लिहिलं. टोपलीत चुलीसाठी वेचलेल्या काटक्या निघाल्या.

तासभर विचारलं, उत्तर एकच. "मी नाय नेला साहेब. एक म्हातारी मागल्या दारानं घेऊन गेली, पदराखाली झाकून."

"कोण म्हातारी?"

"नाव नाय ठाव. पयली गावात रव्हायची."

थापा मारतेय, असं समजून मी ते लिहूनही घेतलं नाही. बाहेर गावकरी गुन्हा दाखल करा म्हणून ओरडत होते. एकदा गुन्ह्यात नाव चढलं असतं, तर त्या बाईला ना देवळात काम मिळालं असतं, ना वीटभट्टीवर.

चौकशीला बसलेल्या आमच्या महिला हवालदार शांतपणे म्हणाल्या, "साहेब, तुम्ही 'स्टोलन' कळवलंत. आपल्याला अजून 'मिसिंग' एवढंच ठाऊक आहे. वस्तू जागेवर नाही, हे मिसिंग. कुणीतरी लबाडीने नेली, हे स्टोलन. ती लबाडी पाहिली कुणी?"

राग आला, खोटं कशाला सांगू! पण प्रश्न बिनतोड होता. उठलो आणि गावातल्या सर्वांत वयस्कर बाबांकडे गेलो. ते हसायलाच लागले. "आरं, चोरी कसली? जत्रंच्या आधी मानाच्या घरची म्हातारी देवीला खाडीवर आंघोळीला नेते. देवी परत जागेवर बसंपरेंत कोनाशी बोलायचा नाय. मधी रीत मोडली व्हती, ह्या पोरांना काय म्हाईत? औंदा मान कामोठ्याला गेलेल्या घराचा हाय."

कामोठ्यात फ्लॅटचं दार म्हातारीनेच उघडलं. आत पाटावर हळदकुंकू लावलेला मुखवटा होता. माझा युनिफॉर्म बघूनही आजीबाईंनी फक्त ओठांवर बोट ठेवलं.

ठाण्यात परतून मी कातकरीणबाईची माफी मागितली. ती म्हणाली, "माझा नाव लिवलाय, तो पुसा."

स्टेशन डायरीतली नोंद पुसता येत नाही. मी खाली लिहिलं, 'मुखवटा चोरीस गेला नव्हता. सदर महिलेचा काहीही दोष नाही.' तिला वाचून दाखवलं.

"मला काय वाचता? बाहेर वाचा. त्यांना आयकू दे."

गेटावर उभा राहून, सगळ्या गावासमोर मी ते मोठ्याने वाचलं. टोपी काढून कमिटीचा तो तरुण पुढे आला आणि तिच्या पाया पडला.

सेवेत मला बक्षिसं मिळाली, शाबासकी मिळाली. पण निवृत्तीच्या दिवशी मी पहिला नमस्कार केला तो त्या हवालदारबाईंना. आज मी सुखाने झोपतो, ते त्यांच्या त्या एका प्रश्नामुळे.