नाणी सरळ करणारा सिरिल

आमच्या फेकनममध्ये कुणाचं घड्याळ बिघडलं तर ते नॉरिचला न्यावं लागायचं. पण शेतात वाकडं नाणं सापडलं, तर अख्ख्या नॉरफोक परगण्यातून लोक फेकनमला यायचे. कारण एकच, सिरिल लार्टर. गडी चाळीस वर्षं छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवत होता. उलटी अक्षरं सुलटी वाचायची इतकी सवय, की आठशे वर्षांच्या झिजलेल्या नाण्यावरचं नाव तो बोटाने चाचपून सांगायचा.

नाणी म्हणजे हातोड्याची. यंत्रं येण्याआधीची. खाली एक ठसा, वर एक ठसा, मधे चांदीची पातळ चकती, आणि घाला घाव! त्यामुळे कुठे राजाचं नाक गायब, कुठे मुकुट कडेवरून घसरलेला. त्यात वरून बीटाच्या शेतातले नांगर. नाणं वर येतं तेच मुरगळून. सिरिल ते स्पिरिटच्या दिव्यावर हलकेच तापवायचा, चामड्यात गुंडाळून लाकडाच्या दोन ठोकळ्यांमधे धरायचा आणि शेगडा, म्हणजे सुताराची लोखंडी पकड, पाव फेरा आवळायचा. मग चहा. मग आणखी पाव फेरा. घाई केली की चांदी तडकते. तीस वर्षांत त्याच्या हातून एकही नाणं तडकलं नव्हतं, आणि हे तो विचारलं नाही तरी सांगायचा.

"माझ्या स्वयंपाकघराच्या टेबलावर हा शेगडा म्हणजे काय शोभा आहे का?" त्याची बायको मॅव्हिस म्हणायची. "बाकीच्या बायकांचे नवरे निदान जिवंत माणसांच्या भानगडी करतात. आमचे राव मेलेल्या राजांच्या!"

सिरिलचा स्वतःचा संग्रह एका लाकडी ट्रेमध्ये मावायचा. प्रत्येक राजाची एक पेनी, प्रत्येकीला गोल खळगा, आणि खळग्यात नाण्याखाली गोल चिठ्ठी: राजा, टांकसाळ, कधी मिळालं. त्यात जीव की प्राण होता तो स्टीफन. त्याच्यासाठी सिरिलने बावीस वर्षं वाट पाहिली होती. आणि स्टीफनची गोष्ट सुरू झाली की ऐकणाऱ्याने कोट काढून बसावं. म्हाताऱ्या हेन्री राजाचा एकुलता एक वैध मुलगा जहाजासकट बुडाला, म्हणून गादी मुलीला, मटिल्डाला, द्यायची असं सगळ्या सरदारांनी शपथेवर कबूल केलं. हेन्रीने डोळे मिटले मात्र, भाचा स्टीफन धावत लंडनला पोचला आणि मुकुट घालून मोकळा! मग सख्ख्या मामेबहिणीशी पंधरावीस वर्षं मारामारी. त्या धामधुमीत नाणीही अशी बेकार पाडली, की स्टीफनचा चेहरा धड दिसणारी पेनी मिळणं म्हणजे नशीब. सिरिलच्या पेनीवर डोळा, नाक, मुकुट, राजदंड, सगळं होतं. नॉरिचच्या टांकसाळीची, म्हणजे आपल्याच मातीतली.

त्या शरद ऋतूत मॅव्हिसच्या हृदयाची एक झडप नीट मिटेनाशी झाली. जिना चढताना ती तीनदा थांबू लागली. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं: ऑपरेशन केलंत तर पुष्कळ वर्षं, नाही केलंत तर कदाचित एकच. संमतीचा कागद हातात दिला. मॅव्हिसने तो घरी आणला आणि फायरप्लेसवरच्या घड्याळामागे खोचून ठेवला.

"माझी बहीण टेबलावरच गेली," ती म्हणाली. "मी माझ्या खुर्चीत जाईन. विषय संपला."

सिरिलला बोलायचं होतं. पण हा बाबा अडतीस राजांच्या कारकिर्दी तोंडपाठ म्हणणारा, बायकोला मात्र 'जाऊ नकोस' एवढं म्हणता येईना. तो आपला शेगडा आवळत बसला. रोज सकाळी घड्याळाला किल्ली देताना त्याला तो कागद दिसायचा, आणि रोज त्यावरची सहीची जागा कोरीच असायची.

अशातच त्याचा मित्र आल्बी गॉट्स एक पेनी घेऊन आला. आल्बी धातू शोधायचं यंत्र घेऊन शेतं पालथी घालणारा, पायात कायम चिखलाचे बूट. पेनी पहिल्या एडवर्डची होती, बरोब्बर मधोमध दुमडलेली.

"नांगराने काय सुरेख घडी घातली आहे बघ," आल्बी म्हणाला.

"घडी कसली, आठ दिवसांत पोळीसारखी सपाट करतो," सिरिल म्हणाला, आणि केलीही. नुसती एक पुसट रेघ उरली. दोघं मोठ्या ऐटीत ती नोंदवायला संग्रहालयात गेले. तिथल्या रोवेना बाई शेतात सापडलेल्या वस्तू तपासायच्या. त्यांनी भिंग लावलं, रेघ पाहिली आणि विचारलं, "लार्टरसाहेब, ही वाकलेली होती का?"

"होती ना! पार दुमडलेली. बघा, कुठे तडा दिसतो का?"

बाईंनी भिंग पुन्हा रेघेवर नेलं. सिरिलला वाटलं, कौतुकाने बघताहेत.

"ही नांगराने वाकत नाही अशी," त्या शेवटी म्हणाल्या. "ही हाताने वाकवलेली आहे. घरात कुणी फार आजारी पडलं, की माणसाच्या डोक्याशी उभं राहून संताच्या नावाने पेनी वाकवायचे. नवस. माणूस बरं झालं की चालत जाऊन ती देवस्थानात वाहायची, आपल्याकडे वॉल्सिंगमच्या मेरीमायला. वाकवलेलं नाणं बाजारात चालायचं नाही, ते देवाचं झालं. आमच्या दृष्टीने खरी मोलाची गोष्ट ती घडीच होती."

"मग ही शेतात कशी?" आल्बीने विचारलं.

"कोण जाणे. वाटेत पडली असेल. किंवा जायची वेळच आली नसेल."

परतीच्या बसमध्ये आल्बी त्याची समजूत घालत होता, "अरे, तुला काय माहीत! मी तरी कुठे काही बोललो?" सिरिल ऐकत नव्हता. तीस वर्षांत किती पेन्या अशा मधोमध दुमडलेल्या आल्या होत्या! कुणाची आई, कुणाचं तान्हं. कुणाच्या तरी घाबरलेल्या अंगठ्याने घातलेली घडी, आणि हा शहाणा चहा पीत पीत ती पुसत होता. त्याला स्वतःची लाज वाटली. इतकी लाज त्याला जन्मात वाटली नव्हती.

घरी आला तेव्हा मॅव्हिस खिडकीपाशी बटाटे सोलत होती, आणि दोन बटाट्यांच्या मधे दम खात होती. सिरिलने कोट न काढताच स्पिरिटचा दिवा पेटवला.

"आला नाही तोच सुरू! आता कुणाचं सरळ करतोयस?"

त्याने ट्रे काढला, एक नाणं उचललं, ज्योतीवर धरलं. मग तिच्या खुर्चीजवळ येऊन उभा राहिला. सिरिल मेथडिस्ट पंथाच्या घरातला. संत, मूर्ती, मेणबत्त्या हे सगळं त्याच्या बापाने थोतांड ठरवलेलं. त्याला मंत्र ठाऊक नव्हता.

"वॉल्सिंगमच्या मेरीमाय," तो घसा खाकरत म्हणाला, "ही मॅव्हिस लार्टर. हिला बरी कर. मी हे चालत आणून देतो." आणि त्याने दोन्ही अंगठ्यांनी पेनी वाकवली.

मॅव्हिसच्या हातातला बटाटा घरंगळत गेला. तिने ट्रेकडे पाहिलं. चाळीस वर्षं त्या ट्रेवरची धूळ तिनेच पुसली होती. कुठला खळगा रिकामा आहे ते तिला चिठ्ठी न वाचता कळलं.

"सिरिल! स्टीफन? अरे, तू स्टीफन वाकवलास?"

"हो."

"वेड लागलं का तुला? बावीस वर्षं! सरळ कर बघू ते. आत्ताच्या आत्ता सरळ कर!"

"नाही करणार. पुरे झालं सरळ करणं." त्याचा आवाज फुटला. "मला भीती वाटते गं. तू त्या खुर्चीत जाशील आणि मी इथे या ठोकळ्यांशी बोलत बसेन. मला तू हवी आहेस, मॅव्हिस. राजे नकोत."

एवढं सलग तो लग्नाच्या दिवशीही बोलला नव्हता. मॅव्हिसने एप्रनला डोळे पुसले, मग नाक पुसलं, मग त्याच्याकडे नीट पाहिलं.

"म्हाताऱ्या, तुझ्या गुडघ्याला दारूच्या गुत्त्यापर्यंतची वाट झेपत नाही, आणि तू वॉल्सिंगमला चालत निघालास? एकट्याला कोण सोडतंय! आण तो घड्याळामागचा कागद. आणि पेन आण. चालणारं आण, नाहीतर आणशील तुझं नेहमीचं, तीनदा झटकावं लागणारं."

डिसेंबरात ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्यावर ती पहिलं वाक्य बोलली ते, "शेगडा टेबलावरून काढलास का?" सिरिल दवाखान्याच्या व्हरांड्यात जाऊन लहान मुलासारखा रडला आणि घरी येऊन त्याने शेगडा काढला.

मे महिन्यात दोघं निघाले. वाट पाच मैलांची. सिरिल ती सगळी चालला, दर मैलाला गुडघ्याला शिव्या देत. मॅव्हिसला आल्बीने हॉटनच्या चॅपलपर्यंत गाडीतून आणलं. जुने यात्रेकरू तिथे बूट काढून शेवटचा मैल अनवाणी जायचे. मॅव्हिस म्हणाली, "बूट काढणार नाही, पण चालणार." आणि चालली. एकदाही थांबली नाही. थांबला तो सिरिल, तिच्याकडे बघायला.

मेरीमायपुढे पेटी होती. सिरिलने खिशातून स्टीफन काढला, अंगठ्याने घडी एकदा चाचपली आणि आत टाकला. आवाज अगदी बारीक झाला.

ट्रेमधला तो खळगा त्याने पुन्हा भरला नाही. आल्बीने नंतर एकदा दुसरा स्टीफन मिळतोय म्हणून सांगितलं, तर म्हणाला, "जागा रिकामी नाहीये." आल्बीने ट्रे उघडून पाहिला. खळग्यात फक्त चिठ्ठी होती, नवी, छापखान्यातल्या माणसाच्या रेखीव अक्षरात:

स्टीफन. पेनी. नॉरिच. मॅव्हिससाठी वाकवली. मॅव्हिससोबत पोचवली.