अस्तर आणि रेघ

टाकीवाल्याचा उजवा खांदा जाऊन चार वर्षं झाली. गेला म्हणजे आहे जागेवरच, पण शर्टाची बाही चढवताना तोंडातून 'आई गं' निघतंच. जन्मभर मोटरसायकलच्या टाक्या हलवल्यावर दुसरं काय होणार? टाकीत मूठभर नट आणि सायकलची तुटकी साखळी टाकायची, तोंड बंद करायचं आणि आतला गंज सुटेपर्यंत ती मांडीवर घेऊन हलवत बसायचं. लग्नाचं राहूनच गेलं. म्हणून वहिनी येईल-जाईल त्याला सांगायची, "भावोजींना पोरंबाळं नाहीत असं कोण म्हणतं? मांडीवर किती खेळवली ते विचारा."

पुढे कारखाना आणि मागे दोन खोल्या. कामाची वाटणी दोघा भावांत पहिल्यापासून ठरलेली होती. टाकीच्या आतलं धाकट्यानं बघायचं आणि बाहेरचं थोरल्यानं. धाकटा गंज काढून आत अस्तर ओतायचा, म्हणजे पुन्हा गंज धरत नाही. दादा रंग द्यायचा आणि रंगावर सोनेरी रेघ ओढायचा, लांब केसांच्या ब्रशानं, पट्टी नाही की दोरी नाही, एका श्वासात. आता दादाची उजवी बाजू लुळी पडून दोन वर्षं झाली होती. जीभ थोडी वळायला लागली होती, हात काही वळला नाही. दिवसभर तो मधल्या दारात खुर्चीवर बसून कारखान्याकडे बघत असायचा.

एक दिवस दातांचा डॉक्टर हिरवी टाकी काखेत मारून आला. वडिलांची जुनी गाडी त्यानं हौसेनं चालू केली होती, पण दर दोन मैलांवर ती खोकायची आणि बंद पडायची.

टाकीवाल्यानं झाकण उघडून आत बॅटरी मारली. उन्हानं सोललेल्या पाठीसारखं अस्तर सुटलं होतं. त्याचेच तुकडे पेट्रोलच्या वाटेत अडकत होते.

"कोणी केलं हो काका हे काम?" डॉक्टरनं विचारलं.

"आपलेच दात आणि आपलेच ओठ," टाकीवाला म्हणाला. "मीच. बावीस वर्षं झाली असतील."

त्यानं टाकी वळवली आणि त्याला रेघ दिसली. दोन्ही अंगांनी, गुडघा टेकतो त्या जागेला वळसा घालून मागे निमुळती होत गेलेली. दादानं ओढलेल्या रेघा शेकड्यांनी होत्या. काही भंगारात गेल्या, उरलेल्यांवर लोकांनी नवे रंग चढवले. त्याला माहीत होतं तेवढ्यात ही एकच राहिली होती.

"रंगाची काळजी करू नका," डॉक्टर म्हणाला. "आतून-बाहेरून साफ करा. मी लाल मारून घेणार आहे. फक्त भर रस्त्यात लाज जायला नको."

"हाच रंग राहिला तर चालेल?"

"चालेल की. पण कशाला एवढा खटाटोप?"

"बघू या," टाकीवाला म्हणाला. आणि कधी नव्हे ती पंधरा दिवसांची मुदत मागून घेतली.

अस्तर का सुटलं, हे त्याला कोणी सांगायला नको होतं. आधी आतलं काम व्हायचं, मग बाहेरचं, कारण अस्तर ओतण्याआधी टाकी तापवून कोरडीठक्क करावी लागते. पण बावीस वर्षांपूर्वी ही टाकी आली त्या दिवशी सकाळीच दादाचा हात लागला होता, रेघ मनासारखी उतरत होती. असा हात लागला की दादा समोर येईल त्या टाकीवर रेघ ओढायचा, कोणाचं ऐकायचा नाही. धाकटा 'थांब, थांब' म्हणेपर्यंत रंग आणि रेघ होऊन गेली. मग तापवायची कशी? ताजा रंग जळाला असता. दोन दिवस वाऱ्यावर ठेवून त्यानं ओलसर टाकीतच अस्तर ओतलं. कोणाला बोलला नाही. दादालाही नाही.

जुनं अस्तर काढायचा सरळ मार्ग म्हणजे टाकीत रिमूव्हर भरायचा. रंग सोलायला पेंटर वापरतात तोच. दिवसभरात अस्तराची पेज होऊन बाहेर पडते. पण थेंबभर बाहेर सांडला की रंगाला फोड आलाच. म्हणून त्यानं हाताची वाट धरली. वाकवलेली तार तोंडातून आत घालायची, कड पकडायची, ओढायची. नखाएवढा तुकडा निघायचा, कधी तोही नाही.

चौथ्या दिवशी डॉक्टर डोकावला. परत जाऊन दवाखान्यातून लांब दांड्याचा छोटा आरसा आणि दात कोरायचे दोन आकडे घेऊन आला.

"आधी भूल द्यायला हवी," डॉक्टर म्हणाला.

"मलाच द्या," टाकीवाला म्हणाला. "टाकीला काही दुखत नाही."

दारातून दादा म्हणाला, "रिमूव्हर... टाक की रे. हाडं मोडून घेशील."

"तू गप बस, दादा. आतलं माझं आहे."

अकरा दिवस झाले. रात्री खांदा झोपू देईना, सकाळी उठू देईना. ताटातला घास डाव्या हातानं खायला लागला, तशी वहिनी म्हणाली, "घरात एक आहे तेवढा पुरे आहे हो." तो हसला, पण हात बदलला नाही.

जवळजवळ सगळं निघालं. टाकीच्या तळातल्या मधल्या उंचवट्याच्या मागे, डाव्या अंगाला तळहाताएवढं अस्तर मात्र चिकटून राहिलं. तार पोचेना, आकडा सरकेना. बाराव्या दिवशी दुपारी त्यानं हात टेकले. वाटीभर रिमूव्हर त्या जागेपुरता ओतायचा ठरवला. रंगावर ग्रीसचा थर दिला, वरून प्लॅस्टिक घट्ट गुंडाळलं.

खालचं पेट्रोलच्या कॉकचं भोक बुजवायला बूच हवं होतं. ते लाकडाचंच मारायचं असतं, रिमूव्हर रबर खातो. गावातल्या अर्ध्या मेकॅनिकांना हे त्यानंच शिकवलं होतं, एकदोघांना शिव्या देऊन. पण लाकडी बूच ढिलं होतं, दुसरं तासायला हवं होतं आणि खांद्यात जीव नव्हता. रबरी बूच हाताशी पडलं होतं, बसतही घट्ट होतं. अर्ध्या तासाचा तर प्रश्न, असं म्हणत त्यानं ते दाबून बसवलं, टाकी डाव्या अंगावर कलती ठेवली आणि भिंतीला पाठ टेकली.

"भावोजी, अहो भावोजी! कसला वास सुटलाय हा?"

वहिनीच्या आवाजानं त्याचे डोळे उघडले. बूच फुगून लिबलिबीत झालं होतं. रिमूव्हर गळून प्लॅस्टिकच्या आत शिरला होता, आणि रंग वाचवायला गुंडाळलेल्या त्याच प्लॅस्टिकनं तो टाकीला धरून ठेवला होता. त्यानं प्लॅस्टिक फाडलं. डाव्या बाजूचा रंग दुधावरच्या सायीसारखा सुरकुतला होता. सायीत सोन्याचे तुकडे तरंगत होते.

आरसा घालून त्यानं आत पाहिलं. चिकटलेलं अस्तर सुटलं होतं. आत टाकी घासलेल्या तांब्यासारखी स्वच्छ होती.

"आण इकडं," दादा म्हणाला.

त्यानं टाकी नेऊन खुर्चीसमोर स्टुलावर ठेवली. "माझंच चुकलं, दादा. रबर लावलं मी."

"उजवी?"

"शाबूत आहे. डॉक्टरला सांगतो, डावीकडं लाल मार, पण ही बाजू राहू दे. ऐकेल तो."

दादानं डावा हात उचलून उजव्या बाजूची रेघ एका बोटानं शेवटपर्यंत नेली. मग म्हणाला, "अर्धी मिशी... ठेवतं का कोणी?"

"दादा, शेवटची आहे रे ही."

"म्हणून? लोक म्हणतील... ह्याला एकच बाजू जमायची." त्याला दम लागला. "धू."

"माझ्यानं नाही व्हायचं."

"माझ्यानं होतंय का? धू म्हणतो ना."

वहिनी पदर तोंडाला लावून उभी होती.

टाकीवाल्यानं उजव्या बाजूचं ग्रीस पुसलं, ब्रश घेतला आणि पुढून मागे रिमूव्हर लावत गेला. दादा वाकून बघत होता. रंग आधी ओलसर चमकला, मग कडेनं उचलायला लागला. रेघ जरा वेळ तशीच टिकली.

"इथं," दादा बोट दाखवत म्हणाला, "जाड आली होती. तेव्हाच... कळलं होतं मला."

"मला कधी दिसली नाही ती."

"तू आतलं बघणारा."

टाकीवाल्यानं फडकं घेतलं. पुसायला हात पुढे केला आणि थांबला.

"एकदाच पूस," दादा म्हणाला. "घासत बसू नको."

त्यानं एकदाच पुसलं. फडक्यावर हिरवा लगदा आला, त्यात कुठे पिवळं चमकलं. दादा मागे टेकला, आणि वहिनी त्याला आत न्यायला आली तेव्हा झोपला होता. रिमूव्हर वाळायच्या आत पाणी मारायला हवं होतं. टाकीवाल्यानं उघडी पडलेली टाकी डाव्या हातानं उचलली, उजवा नुसता खाली लावला, आणि नळाकडे गेला.