कुलूपताईंचे फरार मिस्टर

पोलिसांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या त्या कंपनीत कुलूपताईंना खऱ्या नावाने हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं. हुद्दा प्रॉडक्ट मॅनेजरचा. या हुद्द्याचा माणूस दिवसभर नेमकं काय करतो, हे त्यांच्या नणंदबाईंना कधीच उमगलं नाही. "प्रॉडक्ट म्हणजे साबण का गं?" असं त्यांनी एकदा पाहुण्यांसमोर विचारलं होतं. कुलूपताईंनी समजावून सांगितलं, की पोलिसांना काय हवंय ते ऐकायचं, इंजिनिअर लोकांना काय जमतंय ते ऐकायचं, आणि दोघांनाही फारसं न आवडणारं काहीतरी मधलं ठरवायचं.

"म्हणजे सुनेचंच काम की," नणंदबाई म्हणाल्या.

कुलूपताई हे नाव पडलं ते नोकरीच्या सुरुवातीलाच. एका बड्या पोलीस साहेबांना नोंद पुसायचं बटण हवं होतं. कारण त्यांनी सांगितलं नाही, पण त्यांच्या पुतण्याचं नाव एका मारामारीत आलंय हे शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होतं. कंपनीचे मालक मान डोलवायच्या बेतात होते. ताई मध्ये पडल्या. कॉमर्स शिकलेली बाई. त्यांनी हिशेबाचाच दाखला दिला. चुकलेली रक्कम कोणी खोडरबराने घासत नाही, उलट नोंद घालून ती सरळ करतात आणि जुनी नोंद जागच्या जागी दिसत राहते. पोलिसांच्या दप्तराला याहून ढिला नियम कसा चालेल? साहेब रुसले, मालकांच्या तोंडचं पाणी पळालं, पण बटण काही आलं नाही. एकदा नोंद झाली की तिला कुलूप, हे तेव्हापासून ठरून गेलं.

बाकी स्वभावाने त्या मऊ. नव्या ठाण्यात सॉफ्टवेअर बसवलं की टेबलाशेजारी स्टूल टाकून नुसत्या बघत बसायच्या. दोन बोटांनी टाइप करणारे हवालदार पाहून त्यांनी अर्धे रकाने कमी केले. रडणाऱ्या माणसाला "व्यवसाय काय?" असं विचारताना पोलिसाचीच जीभ अडखळते हे पाहून तो प्रश्न सगळ्यात शेवटी नेला. चष्मा कपाळावर सरकवून वाचणाऱ्यांसाठी अक्षरं मोठी केली. याबद्दल कोणी शाबासकी दिल्याचं ऐकिवात नाही. कोणी शिव्या दिल्या नाहीत, म्हणजे काम चांगलं झालं, असा त्या खात्याचा हिशेब.

त्यांचे मिस्टर ओतशाळेत, म्हणजे फाउंड्रीत, लाकडी साचे करायचे. हाताला विलक्षण सफाई. निवृत्त झाल्यावर मात्र त्या हातांना घरात उच्छाद सुचू लागला. एकही दार रंधा न लागता सुटलं नाही. न्हाणीघराचं दार तर इतकं तासलं गेलं, की खालून मांजर ये-जा करू लागलं. दारं संपल्यावर ते खिडकीशी बसून राहू लागले, आणि ते बसणं ताईंना दारांपेक्षा जास्त टोचायचं. अशात जवळच्या शाळेने मुलांना सुतारकाम शिकवाल का, असं विचारलं आणि माणूस पालटला. केस कापून आले. चिमुकल्या मुठीत मावतील अशा लाकडी हातोड्या केल्या. सोमवारपासून वर्ग. फक्त पोलिसांचा चारित्र्याचा दाखला तेवढा आणून द्यायचा होता.

दाखला मागायला गेलेले मिस्टर हातात एक छापील कागद घेऊन परतले. त्यावर त्यांचं नाव, त्यांची जन्मतारीख, त्यांचा पत्ता. गुन्हा सायकलचोरीचा. तक्रारदार म्हणून त्यांच्या सख्ख्या बहिणीचं, म्हणजे नणंदबाईंचं नाव. आणि आरोपी गेली अठरा वर्षं फरार.

ताईंनी तारीख पाहिली आणि कपाळाला हात लावला. पहिल्या ठाण्यात सॉफ्टवेअर बसवलं तो दिवस. सरावासाठी खोट्या नोंदी लागायच्या, आणि रोज नवी नावं कुठून आणायची म्हणून त्या घरचीच नावं वापरायच्या. सासूबाईंची साखळी हरवायची, दिरांचा शेजाऱ्याशी तंटा व्हायचा. त्या दिवशी संगणकावरचा सरावाचा पडदा आणि खरा पडदा हुबेहूब सारखे होते, आणि एक नोंद भलत्याच ठिकाणी पडली. पुढे त्यांनी सरावाच्या पडद्यावर ठळक पिवळी पट्टी आणली, पण निसटलेली ती एक नोंद कुलूपबंद होऊन राहिली. ठाणी एकमेकांना जोडली गेली ती अलीकडे, तेव्हा ती वर आली.

"अठरा वर्षं फरार," मिस्टर चहा ओतत म्हणाले, "आणि रोज संध्याकाळी जेवायला घरी. पोलिसांनी घरी येऊन एकदा बेल तरी वाजवायची."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात ताईंनी हा प्रकार त्यांच्या विश्वासातल्या इंजिनिअरला सांगितला. तो आधी पोट धरून हसला, मग दबक्या आवाजात म्हणाला, की दुरुस्तीसाठीच्या किल्ल्या आपल्याकडेच आहेत, मागच्या दाराने नोंद पुसणं मिनिटाभराचं काम आहे, कुणाला पत्ताही लागणार नाही. ताई नको म्हणाल्या, पण त्यांच्या नेहमीच्या ठसक्यात नाही.

घरी त्यांनी हे बोलून दाखवलं. मिस्टरांनी आयुष्यात बायकोकडे तिच्या नोकरीतलं कधी काही मागितलं नव्हतं.

"मिनिटाचं काम असेल तर करून टाक ना," ते म्हणाले. "खोटीच तर नोंद आहे."

"अहो, त्या पुतण्याचंही साहेबांच्या मते खोटंच होतं."

मिस्टर उठून खिडकीशी जाऊन बसले. जेवताना ते फक्त मीठ मागायला बोलले.

सकाळी दोघं ठाण्यात गेली. काउंटरवर तरुण हवालदार बाई होत्या. त्यांनी दुरुस्तीचा पडदा उघडला. तो ताईंनीच ठरवलेला. दुरुस्तीचं कारण यादीतून निवडायचं: तक्रारदाराने खोटी माहिती दिली, सारख्या नावामुळे घोटाळा, पत्ता चुकला, वस्तू घरातच सापडली, तक्रार मागे घेतली. बाईंनी यादी दोनदा वर-खाली केली.

"ज्यांनी ही यादी केलीये ना काका, त्यांच्या मते चुकते ती फक्त पब्लिक. लिहिणारा चुकला, असं कारणच नाही यात."

"मी केलीये," कुलूपताई म्हणाल्या.

हवालदार बाईंनी एकवार त्यांच्याकडे पाहिलं आणि पलीकडची खुर्ची त्यांच्याकडे सरकवली.

दोनच वाटा होत्या. नणंदबाईंनी येऊन तक्रार मागे घ्यायची. दाखला लगेच हातात, खाली 'एक तक्रार, मागे घेतली' अशी ओळ. नाहीतर 'इतर' निवडायचं. मग प्रकरण वरच्या कचेरीत जाणार आणि महिना तरी कुठे गेला नाही. 'इतर'ची ही वाट मुद्दाम अवघड ठेवलेली होती. कोणी ठेवली, हे हवालदार बाईंनी आता विचारलं नाही.

ताईंनी नणंदबाईंना फोन लावला. त्या एका पायावर तयार झाल्या. "येते की सही करायला. पण मग त्याने माझी सायकल परत करायला हवी. आणि चालवायलाही शिकवायला हवं."

मिस्टर कागदाची घडी घालत, उलगडत उभे होते. "म्हणजे मी चोरली आणि बहिणीने मला माफ केलं, असंच होतं ना?"

"कागदावर तसंच दिसेल, काका."

ते बायकोकडे वळले. कुलूपताई म्हणाल्या, "तुम्ही म्हणाल तसं. सोमवार तुमचा आहे."

मिस्टरांनी कागद घडी घालून खिशात ठेवला. मग हवालदार बाईंना म्हणाले, "इतर लिहा. सायकल मी घेतलेली नाही."

शाळेत जाऊन त्यांनी मुख्याध्यापिकेला सगळी हकीकत स्वतःच सांगितली. त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या, पण दाखल्याशिवाय मुलांच्या वर्गात पाऊल ठेवता येणार नाही आणि तोवर दुसरं कोणी मिळालं तर आपला नाइलाज होईल, हेही त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. मिस्टरांनी मान हलवली. निघताना विचारलं, की वर्गातली ही डुगडुगणारी स्टुलं कोण बघतं?

इकडे कुलूपताईंनी पोलीस अधिकाऱ्यांच्या बैठकीत कारणांच्या यादीत नवी ओळ मांडली: नोंद करणाऱ्याची चूक. एक अधिकारी म्हणाले, हे कारण स्वतःहून कोण निवडणार आहे?

"पहिली मी," त्या म्हणाल्या. ओळ राहिली.

त्या संध्याकाळी घरी आल्या तर बैठकीच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. शाळेची बुटकी स्टुलं भिंतीपर्यंत मांडलेली, आणि मधोमध भुशाने माखलेले मिस्टर. दाखल्याचं काही कळलं नव्हतं. पर्स ठेवायला जागा शोधून झाल्यावर त्या जवळच्या स्टुलावर टेकल्या. गुडघे हनुवटीला लागले.

"हलतंय का?" मिस्टरांनी विचारलं.

"नाही."

"मग ऊठ, त्या पलीकडच्यावर बस बघू."